काटा सहावर असतानाचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पण विहिरीवर बसवतात तसला नाही. मी हातानं दाबायचा, तपासणीचा पंप. लोखंडी पेटी, वर दांडा आणि काचेआड पाण्याचा दाब दाखवणारा एक काटा, एवढंच माझं शरीर. नवी पाइपलाइन टाकली की मला तिच्या तोंडाला जोडतात आणि आत पाणी दाबून भरतात. काटा जागेवर राहिला तर लाइन पक्की. काटा उतरू लागला तर कुठंतरी पाणी निसटतंय.

पुण्यातल्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. भोरचे नळकारागीर गेनबा यांनी मला विकत घेतलं आणि एसटीतून मांडीवर ठेवून घरी आणलं. त्यांनी मला कधी पावसात ठेवलं नाही. काम कितीही लहान असो, मला जोडल्याशिवाय ते भिंत लिंपू देत नसत. "काटा बघू द्या, मग सिमिट लावा," असं ते गवंड्याला सांगत.

त्यांची मुलगी प्रेरणा कॉलेज संपवून घरी आली आणि आमचे दिवस पालटले. सरकारी कामाच्या निविदा ऑनलाइन भरायला ती शिकली. पहिली निविदा एक दाखला राहिल्यामुळे बाद झाली. दुसरी पाच मिनिटं उशिरा गेली. तिसरी मिळाली! शाळेच्या स्वच्छतागृहाचं काम होतं. मग एका सरकारी दवाखान्याचे नळ आणि एसी बसवायचं काम आलं. कामं वेळेवर झाली, म्हणून साहेबांनी गेनबांची पाठ थोपटली. ते मात्र घरी येऊन मला पुसत बसले. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

मग वेल्ह्याच्या डोंगरातलं काम मिळालं. पासली गावाच्याही वर, एका धनगरवस्तीला खालच्या विहिरीचं पाणी पोचवायचं होतं. शेवटचं घर पारूबाईंचं. सत्तरी ओलांडलेल्या पारूबाई रोज चहा करून द्यायच्या. त्या चहाचं पाणीही त्यांनीच खालच्या झऱ्यावरून आणलेलं असे.

"बाबा, लवकर चढव रं पानी," त्या म्हणायच्या. "गुडगं आता न्हाई म्हणत्यात."

"मार्चअखेर नळ सोडतो, आजी," गेनबा म्हणायचे.

खडक फोडण्यात दिवस गेले. मुदतीला तीन दिवस उरले, तेव्हा मला लाइनीला जोडलं. गेनबांनी दांडा दाबला. काटा सहावर गेला आणि हळूहळू उतरत चारवर आला. पुन्हा दाबला, पुन्हा उतरला. दोष कुठं आहे ते शोधायला पाइपावर बुजवलेला सगळा चर पुन्हा उकरावा लागला असता. मुदत चुकली असती, तर पुढच्या निविदांना प्रेरणाचं नाव चाललं नसतं.

गेनबा बराच वेळ दगडावर बसून राहिले. मग उठले, दांडा दाबून काटा सहावर आणला आणि लगेच मोबाईलनं माझा फोटो काढला. फोटोत काटा उतरताना दिसत नाही, मित्रांनो. प्रेरणानं तो फोटो विश्वासानं काम पूर्ण झाल्याच्या कागदपत्रांना जोडला. मी सगळं पाहत होतो, पण मला तोंड नव्हतं.

उद्घाटन झालं. पारूबाईंनी नळाला हळदकुंकू वाहिलं. पावसाळ्यात ओढ्यानं पाइपाखालची माती नेली आणि कच्चा सांधा उघडत गेला. दिवाळीनंतर पाणी कमी झालं. माघात शेवटच्या घराचा नळ कोरडा पडला.

एके सकाळी पारूबाईंचा मुलगा बिरू गेनबांच्या भोरच्या दुकानात आला. तो रागावला नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"भाऊ, नळाला पानी न्हाई. आई झऱ्यावर गेल्ती, घसरली. मांडीचं हाड मोडलंय. घोंगडीत घालून खाली आणली. आता दवाखान्यात हाय."

तो गेल्यावर प्रेरणानं विचारलं, "अण्णा, तो फोटो काढला तेव्हा काटा थांबला होता ना?"

गेनबांनी मान खाली घातली. "न्हाई, पोरी."

तिनं दुकानाची फळी लावली.

दुसऱ्या दिवशी गेनबा मला घेऊन डोंगर चढले. नऊ दिवस ते एकटे चर उकरत होते. दहाव्या दिवशी बिरूनं कुदळ घेतली आणि न बोलता शेजारी उभा राहिला. ओढ्याजवळ सांधा सापडला. तो नीट केला, मला जोडलं. काटा सहावर गेला आणि राहिला. दोन तास राहिला. गेनबा त्याच्याकडे बघत रडले.

पारूबाई मात्र त्याच आठवड्यात दवाखान्यातच वारल्या. नळ सुटला तेव्हा बिरूनं आईची कळशी भरली, उंबऱ्याशी ठेवली आणि म्हणाला, "आलं, आये." गेनबांना त्यानं तांब्या पुढं केला. त्यांना तो घेववला नाही.

घरी येऊन त्यांनी प्रेरणाला सांगितलं, "हाफिसात लिवून दे. खोटा कागद माझा हुता." तिनं खरं ते लिहून दिलं. ठेकेदारांच्या यादीतून तिचं नाव गेलं. आता ती पानशेतच्या एका हॉटेलात हिशेब बघते. बापलेक बोलतात, पण जेवण झालं का, एवढंच. गेनबा घरोघरचे गळके नळ दुरुस्त करतात. त्या कामाला माझी गरज पडत नाही. मी फळीवर आहे, दांड्याला गंज चढतोय.

मित्रांनो, मला तेल घाला, असं मी म्हणणार नाही. माझं वय झालं. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणी साहेब होईल, कुणी ठेकेदार. पूर्ण झालेल्या कामाचा कागद तुमच्यापुढं येईल. सहीची घाई करू नका. चढ चढून वस्तीच्या शेवटच्या घरी जा, आणि त्या घरच्या म्हातारीला नळ सोडायला सांगा.