गुरुवारच्या बायका

मंगळवारच्या खोलीत कुणी मरत नसे. हा तिथला नियम होता, आणि तो कंडक्टरबाईला कुणी सांगितला नव्हता.

खोली कसली, हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरचा एक लांबट हॉल. भिंतीला लागून रेक्झिनच्या खुर्च्या, प्रत्येकीच्या बाजूला सलाईनचा स्टँड. पहिल्या दिवशी आत शिरताच ती म्हणाली, "सगळ्यांना बसायला जागा? एवढी सोय आमच्या बसमध्ये जन्मात बघितली नाही." बायका हसल्या आणि ती त्यांच्यातली झाली. उभा जन्म बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेला. अनोळखी माणसांत रुळायला तिला दोन स्टॉप पुरायचे.

ऑपरेशन होऊन डावा स्तन गेला होता आणि आता दर मंगळवारी केमो होती. नातेवाईक उंटावरून शेळ्या हाकत होते. जाऊ फोनवर म्हणायची, "मन खंबीर ठेव, निम्मा आजार मनाचाच असतो." "मग उरलेला निम्मा तू घेतेस का?" असं हिने एकदा विचारलं, तेव्हापासून जाऊबाईंचे फोन नवऱ्याच्या मोबाईलवर यायला लागले. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि कळणाऱ्या बायका त्या हॉलमध्ये होत्या.

त्यांच्या पुढारी हेडबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. आजार त्यांच्याकडे दुसऱ्यांदा मुक्कामाला आलेला, म्हणून कंडक्टरबाई त्यांना 'पासवाल्या' म्हणायची. त्या घरून थर्मासमधून बर्फ आणायच्या आणि औषध चालू असताना एकेकीला चोखायला द्यायच्या, म्हणजे तोंड कमी सोलतं. उलटीची गोळी कधी घ्यायची, डॉक्टरांना काय विचारायचं, सगळं फळ्यावर लिहिल्यासारखं सांगायच्या.

आणि दुसरी पार्लरवाली, तीही पेशंटच. एखादीचे केस उशीवर दिसायला लागले की ही मशीन घेऊन हजर. "गळायची वाट कशाला बघतेस? आपणच हाकलू," म्हणत बाथरूममध्ये नेऊन डोकं साफ करायची, मग पेन्सिलीने भुवया काढायची. कंडक्टरबाईच्या भुवया तिने अशा काढल्या की नवरा म्हणाला, "आधीच्यापेक्षा बऱ्या आहेत की." त्या दिवशी दोघी पोट दुखेपर्यंत हसल्या होत्या.

निम्मे डोस झाले आणि कंडक्टरबाईची बोटं बधिर व्हायला लागली. चादरीचं टोक हाताला लागेना, ब्लाउजचे हूक नवरा लावून द्यायचा. ज्या बोटांनी चालत्या बसमध्ये न बघता तिकीट फाडलं, त्यांना आता कागद आहे की नाही तेच कळेना. नोकरी गेली तर घरी बसून भिंतींना तिकीट द्यायचं का? तिने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "औषध कमी करू, लागलं तर बदलू. पण निम्म्यावर सोडू नका. परत येण्याचा धोका वाढतो."

पार्लरवाली मात्र वेगळंच बोलली. "मी सोडली बाई उरलेली. हातात दोरा धरता येईना. माझ्यासारखीला दोरा कळेना म्हणजे मग जगून करायचं काय? सोडली आणि सुटले. बघ, आहे ना धडधाकट?"

होती की. लिपस्टिक, नवा स्कार्फ, गालांना थोडा रंग. मंगळवारी यायची ती नुसती सोबत करायला.

मग ती यायची थांबली. दुसऱ्या मंगळवारीही दिसली नाही, तेव्हा कंडक्टरबाईने विचारलं, "बाई, आपली पार्लरवाली कुठाय?"

हेडबाई थर्मासचं झाकण फिरवत म्हणाल्या, "तिचा वार बदलला. गुरुवारच्या बायकांनी पळवली. आता तिकडे भुवया काढते."

बाकीच्या बायकांनी आपापल्या पिशव्यांत माना घातल्या. खचाखच गर्दीत विनातिकीट माणूस नजरेने हुडकणारी ही बाई, पण तिला काही दिसलं नाही. फोन लावला तर बंद. कामात असेल, तिने स्वतःला सांगितलं. आजारी बायकांची डोकी सजवण्याइतकी धडधाकट आहे म्हणजे औषध सोडून तिचं काही बिघडलेलं नाही. ठरलं तर मग.

नवरा म्हणाला, "अगं, डॉक्टर काय म्हणाले ते तरी आठव."

"डॉक्टरांची बोटं शाबूत आहेत. हेडबाईंचा फोन आला तर हॉस्पिटल बदललं म्हणून सांगा."

तिने केमो सोडली. तोंडाला चव आली, डोक्यावर मऊ लव आली, बोटांत मुंग्या आल्या आणि मुंग्यांच्या मागून हळूहळू स्पर्शही आला. डेपोतून रुजू व्हायला सांगितलं. पहिल्या दिवशी भुवया त्याच हातच्या हव्यात म्हणून ती मुद्दाम गुरुवारी हॉस्पिटलात गेली.

हॉल तोच, खुर्च्या त्याच, बायका दुसऱ्या. तिने एकीला विचारलं, दुसरीला विचारलं. भुवया काढणारी पार्लरवाली कुणालाच माहीत नव्हती. खिडकीजवळच्या खुर्चीतली एक शिडशिडीत बाई मात्र तिच्याकडे बघून खुलली.

"तुम्ही मंगळवारच्या का? मग आमची लायब्ररीवाली तुमच्यात आली असेल ना? उंच, चष्मेवाली. तिचा वार बदलला. कशी आहे हो? म्हणावं, तिने दिलेलं पुस्तक वाचून झालं माझं."

आजूबाजूच्या बायकांनी आपापल्या पिशव्यांत माना घातल्या. अगदी तशाच.

या वेळी कंडक्टरबाईला दिसलं. तिने सलाईनचा स्टँड धरला. त्या बाईचा चेहरा वर, वाट बघत. तिला वाटलं, बरी आहे म्हणून टाकावं, आपलं काय जातं? मग आपलं काय गेलं ते तिला कळलं.

"ती आमच्याकडे आली नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडून आमच्याकडे कुणीच आलेलं नाही."

"अहो, जरा तरी," कोपऱ्यातली एक म्हातारी दबक्या आवाजात म्हणाली. पण बोलून झालं होतं.

बाहेर नर्स भेटली. हिला ठाऊक असेल असंच धरून ती बोलली. "वाईट झालं हो तुमच्या मैत्रिणीचं."

"तिने औषध सोडलं म्हणून?" कंडक्टरबाईने विचारलं.

" सोडलं कुठलं तिने? लिव्हरमध्ये गेलं होतं, औषधच लागू पडेना, म्हणून डॉक्टरांनी बंद केलं. शेवटपर्यंत लिपस्टिक लावून यायची."

कंडक्टरबाई तशीच डॉक्टरांसमोर जाऊन बसली. ते रागावले नाहीत, त्याचीच तिला जास्त भीती वाटली. "पुन्हा सुरू करू," ते म्हणाले, "पण मधल्या खंडाने काय केलं असेल, ते आज कुणालाच सांगता येणार नाही." रुजू होणं राहिलं. तेलही गेलं, तूपही गेलं.

मंगळवारी ती हॉलमध्ये शिरली ती थेट हेडबाईंच्या खुर्चीपाशी.

"बाई, मी गुरुवारी जाऊन आले."

हेडबाईंचा हात थर्मासवर थांबला.

"तुमच्या एका वाक्यावर मी औषध सोडलं. म्हटलं, ती सोडून मजेत आहे, मीही राहीन."

"तू सोडलंस? नवरा तर म्हणाला, हॉस्पिटल बदललं."

"का? खोटं काय फक्त तुम्हालाच बोलता येतं?"

हेडबाई हळू बोलल्या. "ती केमो सोडली म्हणून सांगत फिरतेय हे मला माहीत नव्हतं गं. तिने मला वेगळं सांगितलं, तुला वेगळं. आणि सुई टोचलेल्या बाईला मैत्रीण गेली म्हणून कसं सांगायचं? तुझ्याआधी एक होती, तिला खरं सांगितलं. ती पुढच्या मंगळवारी आलीच नाही. कधीच आली नाही."

"आणि मी? मी आले होते का?"

कंडक्टरबाई शेजारच्या खुर्चीत बसली; दुसरी रिकामी नव्हती. राग ओसरला नव्हता, ओसरणारही नव्हता. नर्स ट्रे घेऊन पलीकडच्या टोकापासून एकेकीकडे येत होती.

"माझा रिपोर्ट आलाय," हेडबाई समोर बघत म्हणाल्या. "मी गेले की या नव्या पोरींना काय सांगशील?"

"मेली म्हणून सांगेन."

"सांग." त्यांनी झाकण उघडलं. "वारबीर बदलू नकोस माझा. पण एक कर. मी एकही डोस चुकवला नव्हता, हे मात्र नको सांगूस."

कंडक्टरबाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिने नर्सपुढे उजवा हात केला आणि दुसरा बर्फासाठी.