बुडबुडा की खडा

पित्ताची पिशवी काढून टाकली, हे आत्याला कळलं होतं. पिशवीत खडे होते, हेही कळलं होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की पिशवी गेली, खडे गेले, तर आता पोटातून ही रबरी नळी कशाला लोंबतेय आणि तिच्यातून दिवसभर हे हिरवट-पिवळं पाणी कुठून येतंय.

"पित्ताची जागाच उरली नाही, मग पित्त येतं कुठून?" तिने सकाळच्या फेरीला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं.

"पित्त यकृतात तयार होतं, मावशी. पिशवीत नुसतं साठतं. तुमचा एक खडा पिशवीतून घरंगळून पित्ताच्या नळीत जाऊन बसला होता. ती नळी उघडून आम्ही तो काढला. आता ती भरून येईपर्यंत तिच्यात ही रबरी नळी ठेवलीय."

"म्हणजे नळीत नळी?"

"अगदी बरोबर!" असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेलेसुद्धा. आत्या मात्र त्या दोन नळ्यांमध्ये अडकून पडली ती पडलीच.

तशी ती गोंधळणारी बाई नव्हती. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात तिची उभी हयात गेली होती. वाफेच्या इस्त्रीशी उभी राहून तिने किती चादरी सरळ केल्या असतील याची गणती नाही, आणि चादरींबरोबर माणसंही. तिथे नव्या पोरीपासून साहेबापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. आत्या म्हणाली की झालं. इस्पितळात आल्याबरोबर मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी ती 'मावशी' झाली. पहिला गोंधळ तिथूनच सुरू झाला. कोणी "मावशी" अशी हाक मारली की ती आधी शेजारच्या खाटेकडे बघायची.

शेजारच्या खाटेवर हर्नियाचं ऑपरेशन झालेली एक बाई होती. तिच्या पोटाला टाके होते, तोंडाला नव्हते.

"उद्या तुमचा रंग घालून फोटो आहे ना?" ती म्हणाली. "सिस्टर म्हणत होत्या. माझ्या थोरल्या जावेचाही काढला होता. असाच नळीतून रंग घातला आणि फोटो काढला."

"मग?"

"मग काय, परत फाडलं."

"का?"

"ते काही सांगत नाहीत हो," असं म्हणून तिने कूस बदलली आणि मिनिटभरात घोरायला लागली. आत्याची झोप मात्र तिने उडवली.

त्यात भाचीची भर पडली. भाची म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी. शिकायला म्हणून आली आणि आत्याकडेच राहिली. चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. आत्याला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच वारला होता. घरात या दोघी आणि दोघींची भांडणं. ऑपरेशन झाल्यापासून पोरगी रोज दुकानातून परस्पर इस्पितळात यायची. त्या दिवशी संध्याकाळी ती फोनवर बोलत व्हरांड्यात उभी होती, दार अर्धवट उघडं होतं.

"नको ना बाबा, तिला एवढ्यात नको सांगायला," भाची म्हणत होती. "तिला केवढा धक्का बसेल. उद्याचा फोटो होऊ दे. मग मीच सांगते."

आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"काय गं, काय झालं?"

"कुठे काय? चहा घेतलास?"

आत्याने त्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं झालं. पिशवी काढताना डॉक्टरांना आत काहीतरी भलतंच दिसलं असणार. भावाला सांगितलं, भाचीला सांगितलं, सगळ्या जगाला सांगितलं. राहिली कोण? जिचं पोट ती.

सकाळी चाकांच्या खुर्चीतून तिला तळमजल्यावर नेलं. भाचीने रजा काढली होती. नळीला जोडलेली पिशवी हातात धरून ती बाजूने चालत होती. वाटेत आत्याने ठरवलं, की आता सांगून टाकावं.

"हे बघ. माझी जाड शाल आहे ना, ती तूच ठेव. तुझ्या आईला देऊ नकोस, ती वापरत नाही, नुसती घडी घालून ठेवते."

"आत्या, शालीचं काय आता?"

"आणि इस्त्री विकू नकोस. जुनी आहे, पण बसते चांगली."

"अगं फोटो काढायला चाललोय आपण!"

"हो हो, माहितीये मला काय काढायला चाललोय ते," आत्या म्हणाली.

खोलीत गारठा होता. मधोमध एक लांब टेबल, त्यावर छताला टांगलेलं मोठं यंत्र, आणि भिंतीशी पडदा. फोटो काढणारा माणूस धिप्पाड होता. अंगात जाड, जड एप्रन घातल्यामुळे तो खाटकासारखा दिसत होता, पण बोलायला लोण्यासारखा मऊ. बरोबरच्या डॉक्टरबाई त्याच्या खांद्याला लागतील एवढ्याच होत्या. त्यांनीही तसाच एप्रन चढवला.

"मावशी, आयोडीनची कधी ॲलर्जी? औषधाने कधी अंगावर गांधी उठल्यात?"

"नाही. रंग कुठला घालणार?"

"कुठला म्हणजे?"

"लाल, निळा? सिस्टर म्हणाल्या रंग घालून फोटो."

डॉक्टरबाई हसल्या. "रंग नाही हो, पाण्यासारखंच औषध असतं. ते या नळीतून पित्ताच्या वाटेत सोडायचं. एरवी ती वाट फोटोत दिसत नाही. औषध भरलं की उठून दिसते. आत काही राहिलं असेल तर तेवढ्या जागी औषध जात नाही, तिथे भोक पडल्यासारखं दिसतं."

एवढं नीट आजवर तिला कोणी सांगितलं नव्हतं. पण आत्याच्या कानाने त्यातले दोनच शब्द धरले. काही राहिलं असेल. आणि भोक.

औषध आत जायला लागलं तसं उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, कोणी आतून हात टेकवावा तसं जडजड वाटलं. "श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा." मान वळवली की पडदा दिसत होता. करड्या धुक्यात एक पांढरं झाड उगवत होतं. फांद्या वर, बुंधा खाली. हे आपल्या पोटात आहे, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं, पटेना. आणि एवढा रंगाचा गाजावाजा करून फोटो शेवटी काळा-पांढराच.

मग खोली शांत झाली. ही शांतता आत्याला ओळखू आली. साहेबाची महागाची चादर जळते तेव्हा धुलाईखान्यात अशीच शांतता पसरते.

"हे बघ," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. बुंध्यात एक गोल काळा ठिपका होता. "खडा?"

"हवा वाटते मला," फोटोवाला म्हणाला. "औषध भरताना शिरली असेल."

"फार गोल आहे, हवाच असावी. पण खात्री करूया. डोक्याकडून वर घे."

आणि टेबल हललं! आत्याला कोणी सांगितलंच नव्हतं की टेबलही हलतं. डोकं वर, पाय खाली अशी ती निम्मी उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी कडा पकडल्या.

"हलतोय. वर चाललाय."

"थांब, अडकला."

"डाव्या कुशीवर करा जरा. मावशी, डावीकडे."

आत्या डावीकडे वळली. मग उजवीकडे. मग परत सरळ. ठिपका कधी दिसायचा, कधी नाही. एकाचे दोन झाले.

"फुटला! बुडबुडाच," फोटोवाला खुशीत म्हणाला. "खडा कधी फुटायचा नाही असा."

"ते ठीक," डॉक्टरबाई म्हणाल्या, पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. "पण औषध खाली आतड्यात का उतरत नाहीये? टोकाशी थांबलंय बघ."

म्हणजे खडा नाही तर बुडबुडा, आणि बुडबुडा गेला तर हे नवीनच. आगीतून फुफाट्यात.

"काय थांबलंय? मला सांगा ना कोणीतरी."

"वाटेच्या तोंडाशी एक झडप असते, मावशी. ती कधीकधी घाबरून आवळून बसते. एक इंजेक्शन देते, म्हणजे सैल पडेल. नाहीच पडली तर मग बघावं लागेल." डॉक्टरबाईंनी दंडात सुई दिली. "तोंड कोरडं पडेल आणि छातीत थोडं धडधडेल. घाबरू नका."

यातली शेवटची दोन वाक्यं आत्याच्या कानापर्यंत पोचलीच नाहीत, कारण तोवर यंत्र गुरगुरायला लागलं होतं. त्यामुळे थोड्या वेळाने जीभ टाळूला चिकटली आणि काळीज ढोल बडवल्यासारखं उडायला लागलं, तेव्हा तिची खात्रीच पटली. हे असं असतं तर. कोणाला हाक मारावी ते तिला सुचेना. नवऱ्याला मारावी तर तो वर, आईला मारावी तर तीही वर. म्हणजे थोड्या वेळात भेटतीलच. तिने डोळे मिटून घेतले.

"उतरलं!" फोटोवाला ओरडला.

आत्याने डोळे उघडले. बुंध्याच्या टोकातून दोऱ्यासारखी पांढरी रेघ खाली सरकत होती. बघता बघता ती पसरली. डॉक्टरबाईंनी एप्रनवर हात झटकले.

"झालं. सगळं साफ आहे."

"म्हणजे मला काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही, तर मग इतका वेळ काय बघत होतात?"

"काही नाही ना, हेच बघत होतो."

आत्याने मनगटाने डोळे पुसले. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, लपवू नका. माझ्या भाचीला सांगितलंत ना, तेच मलाही सांगा. मी रडणार नाही."

"कोण भाची?" डॉक्टरबाईंनी फोटोवाल्याकडे पाहिलं. "मी ओळखत पण नाही तुमच्या भाचीला."

बाहेर भाची बाकावर बसली होती. चाकांची खुर्ची दिसताच ती उठली. "काय म्हणाल्या?"

"तू सांग," आत्या म्हणाली. "काल बापाशी काय बोलत होतीस? काय दिसलंय माझ्या पोटात?"

 भाची खुर्चीच्या चाकाशी खाली बसली. "अगं, तुझ्या पोटाचं नव्हतं ते. माझी बदली झालीय. दुकानाची नवी शाखा निघतेय, दुसऱ्या शहरात. ती मला सांभाळायला सांगितलीय. मी हो म्हणून बसले, आणि त्याच आठवड्यात तुझं हे ऑपरेशन निघालं. तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

"म्हणजे मी मरत नाहीये?"

"कोण म्हणालं मरतेयस?"

आत्या हसायला लागली. हसल्यावर टाके ओढले, म्हणून पोट धरलं, तरी हसू थांबेना. मग मधेच कधीतरी त्या हसण्याचं रडू झालं, आणि ते कुठे झालं हे तिचं तिलाही कळलं नाही. खुर्ची ढकलणारा माणूस अवघडून भिंतीकडे बघत उभा राहिला.

"रागावलीस?" भाचीने विचारलं.

"कोणास ठाऊक," आत्या म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. जगणार म्हणून जीव हलका झाला होता, आणि त्याच क्षणी त्याच जिवावर कोणी धोंडा ठेवला होता. मरणाची बातमी तिने रात्रभर उशाशी घेऊन कशीबशी पचवली होती. ही बातमी त्यामानाने काहीच नव्हती, तरी घशाखाली उतरत नव्हती. आपण मरणार असतो तर पोरगी गेली नसती, असाही एक विचार मनात येऊन गेला. त्याची तिला इतकी लाज वाटली, की ती एकदम म्हणाली, "चहा मिळेल का कुठे? माझं तोंड वाळलंय."

पुढचं भराभर झालं. नळीचं तोंड बांधून ठेवलं. पोटात दुखलं तर लगेच सांगा म्हणाले. दुखलं नाही. दुखतंय का, दुखतंय का म्हणून आत्याच सारखी पोट चाचपायची, आणि त्याने थोडं दुखायचं. मग मोठे डॉक्टर आले. "मोठा श्वास घ्या," असं म्हणून त्यांनी नळी ओढून काढली. आत्या किंचाळायची तयारी करतेय तोवर नळी ट्रेमध्ये पडली होती. शेजारची बाई खाटेवर उठून बघत होती. परत फाडलं नाही, याचं तिला जरा वाईटच वाटलेलं दिसलं.

"आता पित्त कुठून जाणार?" आत्याने शेवटचं विचारून घेतलं.

"पूर्वी जात होतं तिथूनच."

"मग पूर्वी ती पिशवी कशाला होती?"

डॉक्टर हसले. "तुमच्या भाचीला सांगतो समजावून," असं म्हणून निघून गेले.

घरी आल्यावर दोघी फारशा भांडल्या नाहीत, आणि त्याचंच दोघींना ओझं झालं. भाची सामान बांधायची. आत्या तिने भरलेले कपडे बाहेर काढून पुन्हा नीट घड्या घालायची. मध्येच म्हणायची, "एकटीने राहायचं तर दाराला आतून दोन कड्या हव्यात." मध्येच म्हणायची, "नाही जमलं तर ये परत. आणि जमलं तर..." पुढचं वाक्य तिला कधीच सापडलं नाही.

ती जायच्या दिवशी सकाळी आत्या बसस्टँडवर गेली. काय बोलायचं ते तिने घरून ठरवून आणलं होतं. खिडकीशी उभी राहिली तेव्हा त्यातलं एक अक्षर आठवेना.

"वेळेवर जेवत जा," ती म्हणाली. हे तिने ठरवलेलं नव्हतं.

"तू तेलकट खाऊ नकोस," भाची म्हणाली.

बस हलली. आत्या हात हलवत राहिली, मग बस दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ उभी राहिली. एवढ्यात पिशवीतला फोन वाजला.

"पोचलीस?" आत्या ओरडली.

"अगं, आत्ता तर वळणावर आलोय!"

"मग फोन कशाला केलास?"

"माहीत नाही," भाची म्हणाली.

आत्याने फोन ठेवला. कामावर रुजू व्हायला अजून आठवडा होता. घरी जाऊन काय करायचं ते सुचेना. ती स्टँडच्या बाहेर आली. दोन्ही बाजूंना रस्ता होता, दोन्हीकडे सारखीच वर्दळ. डावीकडे घर, उजवीकडे तिचं कामाचं हॉटेल. तिने पोटावरच्या पट्टीवर हलकेच हात ठेवून पाहिला, दुखत नव्हतं. मग ती उजवीकडे वळली. वाफेत उभं राहायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, पण नुसतं बसून घड्या घालायला कोणी मनाई केली नव्हती.