न हललेला काटा

वहिनी गेल्यावर दादा धाकट्या बहिणीकडे राहायला आला, त्याला सहा आठवडे झाले होते. बोलावलं की जेवायचा, विचारलं तर हो-नाही म्हणायचा, बाकी वेळ खिडकीशी बसून असायचा. मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यातच बहिणीने सगळी नोकरी काढली होती, पण भावापुढे तिने हात टेकले होते.

एका सकाळी तिने माळ्यावरचा सुट्या भागांचा पत्र्याचा डबा काढून जेवणाच्या टेबलावर उपडा केला. वाचायच्या दिव्यातला एलईडी सारखा जळून जातो, म्हणाली. व्होल्टेज जरा वाढलं की संपलाच. करंट एकसारखा राहील असं काहीतरी हवंय.

दादाने एक ट्रान्झिस्टर, दोन डायोड आणि दोन रेझिस्टर वेचून बाजूला ठेवले. ती शाळेत असताना हेच सर्किट त्याने तिला शिकवलं होतं. तो सोल्डरिंगचा डाग द्यायचा, ती रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे वाचायची. नव्यानेच घरात आलेली वहिनी त्या धुराला नाक मुरडत दारात उभी राहायची आणि तरी शेवटी आत येऊन बसायचीच.

"माझा हात आता थरथरतो गं," तो म्हणाला.

"मग तू सांग. मी डाग देते."

तो सांगत गेला. दोन डायोड ट्रान्झिस्टरच्या बेसवरचं व्होल्टेज धरून ठेवतात, एमिटरचा रेझिस्टर करंट किती ते ठरवतो. ती सप्लाय चालू करणार, तेवढ्यात त्याने तिचं मनगट धरलं. एक डायोड उलटा बसला होता.

"तीस वर्षं पगार कशाचा घेतलास?"

ती खो-खो हसत सुटली आणि मग तोही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बोलता बोलता वहिनीचा विषय निघाला. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने रेडिओ उघडून ठेवला होता आणि स्क्रू चहाच्या कपात जपले होते, हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ते तो सविस्तर सांगत राहिला. बहिणीने डायोड सुलटा केला.

सप्लायचा नॉब सहा व्होल्टपासून बारापर्यंत फिरवला. मीटरचा काटा दहा मिलिअँपवर जवळजवळ जागचा हलला नाही. दादा बराच वेळ त्याकडे पाहत बसला.

"अजून एक कर," तो म्हणाला. "आमच्या जिन्यात अंधार असतो. रविवारी जाईन म्हणतो घरी."