एक टोक बोटात

गोफणीच्या टोकाचा फास अजून शीतलच्या बोटाच्या मापाचाच होता. कल्याणच्या बोटात तो दुसऱ्या पेराशी अडकायचा. अंबाडीच्या वाखाच्या दोरीला हात लागून लागून काळपट चकाकी आलेली... लग्नाच्या पहिल्या वर्षी टेंभुर्णीहून, माहेरच्या ज्वारीच्या वावरातून, तिनेच ही आणली होती. परतूरच्या दोन खोल्यांत गोफण कशाला, असं म्हणून तो हसला होता. तिने ती खिळ्याला टांगली. आठ महिन्यांपूर्वी ती घर सोडून गेली, तेव्हा तिची म्हणावी अशी एवढीच वस्तू घरात राहिली.

आज दहावीला गुरुत्वाकर्षण. शाळेच्या मैदानात मुलांना लांब उभं करून त्याने गोफणीत चिंध्यांचा चेंडू ठेवला, ती डोक्यावर गरगर फिरवली — हा चेंडू म्हणजे चंद्र, मी पृथ्वी, दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण. चंद्र सारखा पृथ्वीकडे पडतच असतो, पण पुढेही धावत असतो, म्हणून आदळत नाही, फिरत राहतो... तोंड बोलत होतं. मन पायरीवरच्या पिशवीत होतं. पिशवीत घटस्फोटाचे कागद होते. चारला जालन्यात वकिलाकडे सही करायची होती. दोनदा त्याने टाळलं होतं. सकाळी शीतलचा फोन आला. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"आज बराबर येऊन राह्यले ना तुम्ही? मागल्या बारीला मी दिवसभर बसून व्हते."

"सर," अंबरीनने लांबून विचारलं, "दोरी सुटली की चंद्र बाहेर फेकल्या जातो ना?"

"न्हाई गं. त्याला कोण फेकणार?" उत्तर त्याला पंधरा वर्षांपासून पाठ होतं. "तो पहिल्यापासून सरळच चालला होता. दोरी त्याला वळवून राह्यली होती. सुटली, की तो आपल्या वाटेनं सरळ जातो. बस."

बस म्हणताना त्याला शीतल आठवली — काय काय म्हणालो मी तिला! कोणी कान भरले, भावाने फूस लावली, नर्सिंगच्या कॉलेजने डोकं फिरवलं... फेकणारा हात शोधत हिंडलो. आणि ती तर अंगाची हळद उतरायच्या आत म्हणाली होती, मला नर्सिंग करायचंय. पुढच्या वर्षी, मी म्हणालो. आईचं पथ्य, माझा डबा, माझ्या बदल्या... अकरा वर्षं ते पुढचं वर्ष आलंच नाही. ती माझ्याभोवती फिरत राहिली आणि मला वाटलं, तिला फिरायलाच आवडतं.

टेंभुर्णीत वावरातल्या, पाखरं राखायच्या माळ्यावर उभं राहून तिने त्याला गोफण शिकवली होती. पहिल्याच फेकीला त्याने दोन्ही टोकं सोडली. दगड राहिला बाजूला, अख्खी गोफण ज्वारीत गडप. पाखरं जागची हलली नाहीत. ती पोट धरून हसली होती.

"अहो, एकच टोक सोडायचं! दोन्ही सोडले तर गोफण बी जाती. मंग हातात काय राहीन?"

"सर, सोडा ना!" मुलं ओरडत होती.

त्याने सोडलं. चेंडू सरळ गेला, कुंपणावरून, पलीकडच्या कपाशीत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. रिकामी गोफण त्याच्या पायाशी लोंबू लागली. जालन्याच्या गाडीला अर्धा तास होता. त्याने फास काढायला घेतला, तो पेरात रुतला होता, निघेना. ओढून ओढून बोट लाल झालं... आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिने परत यावं असं त्याला वाटलं नाही, आणि त्याचंच त्याला मुलांदेखत रडू आलं.