मार्थाबाईच्या गिरणीचं कुलूप

आत्ता तुम्ही मला ओढून पाहिलंत. नाही म्हणू नका, माझी कडी अजून हलतेय. मी कुलूप बोलतोय, माधवनगरच्या या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचं. गिरणी बंद झाली आहे, दिवस मावळायला आलाय, आणि तुमच्या हातात डबाही दिसत नाही. मग तुम्ही इथं का थांबलात, हे मला जरा समजून घ्यायला लागेल. तोवर माझी हकिगत ऐका. पण दोन हात लांब उभे राहून.

माझा जन्म अलिगडचा. अंग पितळेचं, पोलादी कडी. आम्ही भावंडं एकाच खोक्यात होतो. खोकं बंद करण्याआधी कारागिरानं प्रत्येकाची किल्ली दुसऱ्याला लावून पाहिली आणि ती लागत नाही याची खात्री करून घेतली. सख्ख्या भावाचीसुद्धा किल्ली चालायची नाही, असे आमचे संस्कार. मग मी संशयी निघालो यात माझा काय दोष?

सांगलीच्या बाजारातून मला शांतवननं आणलं. ही गिरणी त्याची. माणूस देवभोळा, रविवारी चर्च चुकवायचा नाही, पण विश्वास त्याचा फक्त देवावर, बाकी कुणावर नाही. संध्याकाळी मला लावायचा, ओढून बघायचा, कोपऱ्यापर्यंत जायचा आणि परत येऊन पुन्हा ओढायचा. त्याची बायको मार्थाबाई ओट्यावरून हसायची. "आवं, त्ये पळून जातंय व्हय?" म्हणायची. मला मात्र शांतवन आवडायचा. आपल्यासारखाच कुणीतरी आहे असं वाटायचं.

दिवसभर मी आतल्या खिळ्याला लटकलेला असे. माझ्या वर भिंतीला एक लहानसा लाकडी क्रूस, खाली मी, आणि दोघांवरही पीठ. तिथून मी माणसं बघितली. दळण टाकून जाणारी बाई दारातून एकदा तरी मागे वळून डब्याकडे बघते. वळली नाही तर खुशाल समजावं, डबा शेजारणीचा आहे. पीठ न्यायला आल्यावर प्रत्येकजण डबा उचलून हातानं वजन अजमावतो, आणि वर "तसं काही नाही हो, सहज" म्हणतो. हे सगळं बघून माझं एक मत पक्कं झालं: कुणी बघत नसलं की माणूस बिघडतो. असं नसतं तर मला कुणी घडवलंच नसतं.

दोन वर्षांपूर्वी शांतवन अचानक गेला. त्याच वर्षी मार्थाबाई मिरजेतल्या दवाखान्यातल्या आयाच्या नोकरीतून निवृत्त झाली होती. त्याला माती देऊन परतल्यावर तिनं गिरणीचं दार ओढलं, मला लावलं आणि न ओढता घरात निघून गेली. मला रागच आला. हिला गिरणीचं काही पडलेलं नाही, असं मी मनात धरलं.

गिरणी आणि घर यांच्यात एकच भिंत आणि पुढं एकच ओटा, त्यामुळं घरातलं सगळं मला ऐकू येतं. मार्थाबाईला रिकामपण खाऊ लागलं. दवाखान्यात चाळीस माणसं तिला हाक मारायची, आता कुणी मारेना. दर बुधवारी चर्चच्या बायका तिच्या घरी प्रार्थनेला जमत, तेव्हा ती रडून मागायची, "प्रभू, मला काम दाखव. माझा काय उपयोग राहिला, त्ये सांग." तिच्या मनात मोठं काहीतरी होतं. आटपाडीकडच्या गावांत फिरावं, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करावी. पण गुडघे साथ देत नव्हते. मी म्हटलं, काम दाखव म्हणणाऱ्या माणसाला बहुधा काम नकोच असतं.

लोणंदला तिची मुलगी प्रांजल असते. जावई तिथल्या कारखान्यात. तिचं म्हणणं, आईनं आता आपल्याकडं येऊन राहावं आणि गिरणीची खोली भाड्यानं द्यावी. उदयसिंह नावाचा मोबाईलचा दुकानवाला टेप घेऊन खोली बाहेरून मोजूनही गेला. "नाताळाला मी गाडी घेऊन येते, तोपर्यंत ठरव," असं प्रांजलनं सांगितलं. मार्थाबाई नको म्हणाली नाही. पण नातवंडांच्या घरी खुर्चीवर बसून राहायचं, या विचारानं ती वाळत चालली होती, हे मला तिच्या पावलांवरून कळायचं.

आणि याच सुमारास माझ्या संशयाला एक चांगलं गिऱ्हाईक मिळालं. पलीकडच्या घरातली गुणमाला. जैन घर, वागणं कडक, बोलणं मोजकं. ती पावसाळ्यात दर तिसऱ्या दिवशी एवढासा डबा घेऊन यायची, मला हात लावायची आणि एकदा ओढून बघायची. एवढंसं दळण घेऊन इतक्या वेळा कोण येतं? नक्की काहीतरी हेरायला येते. वर एकदा मी तिला उदयसिंहाशी कोपऱ्यावर बोलताना पाहिलं. मग काय, माझ्या लेखी खटला निकालात निघाला.

बुधवारी नेमकी प्रार्थना चालू असतानाच ती हाक मारायची, "मार्थाबाई, गिरण कवा सुरू करताय वो? टेशनाकडच्या गिरणीपतूर पाय चालंनात."

"अक्का, प्रार्थना चाललीया. नंतर या," असं आतून उत्तर जायचं, आणि मग पुन्हा, "प्रभू, मला काम दाखव."

असं बरेचदा झालं. एका बुधवारी मंडळीतल्या वयस्कर सुलाबाईंना हसू आवरेना. कानानं कमी ऐकतात, पण त्या दिवशी सगळं ऐकलं असावं.

"मार्था, तू देवाकडं काम मागतीस," त्या म्हणाल्या, "आन् काम डबा घिऊन दारात आलं की त्याला नंतर या म्हणतीस. आता देवानं काय पत्र पाठवावं व्हय तुला?"

"आत्याबाई, त्ये दळण हाय. मी सेवा म्हणतीया."

"प्रभूनं चेल्यांचं पाय धुतलं, त्ये काय मोठं काम हुतं व्हय? पाणी आन् पायच की."

त्याच दुपारी मार्थाबाई किल्ली आणि शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी सहजासहजी उघडलो नाही. दोन वर्षांचा गंज होता, आणि थोडी अढीही.

आटपाडीकडून बिराप्पा आला, दगडाला टाकी लावायला. दगडाची धार बोथट झाली की छिन्नीनं टोचून पुन्हा खरखरीत करावी लागते, ते त्याचं काम. ते झाल्यावर मार्थाबाई खालच्या दगडाच्या भोवतालची जुनी धूळ ब्रशनं काढत बसली.

"बाई, तितं आत कोण बघाय येतंय?" बिराप्पा म्हणाला.

"ज्याच्यासाठी करतीया, त्यो बघतोय."

"मालक तर गेलं की वो."

"त्ये मालक न्हवं. त्येंच्या वरचा."

ती वर बघत बोलली. माझा खिळा तिकडंच असल्यानं क्षणभर मला वाटलं, ही माझ्याविषयीच बोलतेय. नंतर लक्षात आलं, क्रूसाविषयी होतं. मी मनात म्हटलं, बोलायला काय जातंय? बघू या, कुणी नसताना काय करतेस ते.

गिरणी सुरू झाली, पण गिऱ्हाईक येईना. लोकांना दुकानातल्या पिशवीतल्या पिठाची सवय झालेली. गुणमाला मात्र पहिल्याच दिवशी आली. तिनं मार्थाबाईला सांगितलं, "आमच्यात पीठ लय दिस ठेवत न्हाईत. पावसाळ्यात तीन दिस, थंडीत सात. त्याफुडं चालत न्हाई. आन् दिवस मावळायच्या आत जेवण." मार्थाबाईनं मान डोलावली. मी डोलावली नाही. कारण सांगणाऱ्यावर तर आणखी लक्ष ठेवावं.

मार्थाबाईचं काही वेगळंच चाललं होतं. धान्य वरच्या टोपलीत ओतताना ती डब्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटायची. मला वाटलं, जादूटोणा. गुणमालालाही वाटलं असावं, कारण तिनं विचारलं, "काय म्हणतीस गं?"

"तुमच्या घरातल्या समद्यांची नावं घेते. म्हणते, प्रभू, ह्यांच्या पोटाला हे लागू दे."

गुणमाला म्हणाली, "म्हण. आमच्या ह्यांच्या नावाला जरा जास्त म्हण, त्येंला पोटाचा तरास हाय."

दोघी हसल्या. मार्थाबाई पीठ चिमटीत घेऊन बघायची, भाकरीला बारीक, थालीपिठाला जाडसर, आणि मनासारखं उतरलं की गाणं गुणगुणायची. इतक्या दिवसांत मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नव्हता. पण मी कुलूप. आनंदावरही मी लगेच विश्वास ठेवत नाही.

थंडी पडली. नाताळ जवळ आला. एका दुपारी कुणी अनोळखी माणूस ज्वारी दळून घेऊन गेला. त्यानंतर गुणमालाचे गहू होते. ती डबा ठेवून बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेली होती, संध्याकाळच्या जेवणाला पीठ न्यायला येणार होती. मार्थाबाईनं गहू ओतायला उचलले आणि तिची नजर खाली सांडलेल्या ज्वारीच्या पिठावर गेली. त्यात किडे होते, मेलेले, चिरडलेले.

गिरणीत ती एकटी. दारात कुणी नाही. गव्हाच्या पिठात ते कुणाला दिसलंही नसतं. मी खिळ्यावर अगदी ताठ झालो. हाच तो क्षण, म्हटलं. आता कळेल.

तिनं डबा खाली ठेवला. यंत्र बंद केलं. गुडघा दुखत असताना वरचा दगड पहारीनं सरकवला, ब्रश घेऊन आत शिरली आणि खाच न् खाच साफ केली. मग दगडात उरलंसुरलं निघून यावं म्हणून घरातून आपले मूठभर गहू आणून दळले, ते पीठ कोंबड्यांना टाकलं आणि पुन्हा पुसलं. बाहेर ऊन ओट्यावरून उतरून गेलं तरी तिचं संपलं नव्हतं. गुणमाला आली तेव्हा मार्थाबाई पिठानं माखलेली होती.

"अक्का, दळण न्हाई झालं. आधीच्या ज्वारीत किडं हुतं, मला उशिरा दिसलं. दगड उघडून साफ केलाय, पर दिवस मावळला. तुमचं गहू तसंच हायत."

गुणमालानं झाकण उघडून गहू बघितले. झाकण घट्ट लावलं. डबा उचलून निघून गेली.

झालं! खरं बोलली आणि असलेलं एकमेव नेहमीचं गिऱ्हाईक घालवून बसली. आठवडा गेला, गुणमाला आली नाही. मला फार वाईट वाटलं, हे कबूल करायला लाज वाटत नाही. मार्थाबाईनं गिरणी रोज उघडली, झाडली आणि रिकामी बंद केली. प्रार्थनेत मात्र ती आता काम मागत नव्हती. "दिलंस, आन् जिवापाड करून घेतलंस, उपकार तुझं," एवढंच म्हणायची. ते ऐकणं जास्त अवघड होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी प्रांजल गाडी घेऊन आली. पिशव्या ओट्यावर आल्या. मार्थाबाईनं मला लावलं, किल्ली काढून लेकीच्या हातात दिली. "उदयसिंहाला दी," म्हणाली. आवाज अगदी बारीक होता.

तेवढ्यात गल्लीतून डब्यांचा आवाज आला. पुढं गुणमाला, मागं तिची जाऊ सुंदरी आणि बस्तीतल्या आणखी काही बायका.

"कुटं निघालीस?" गुणमाला म्हणाली.

"लेकीकडं, लोणंदला. अक्का, तुमी आलाच न्हाईत, मला वाटलं तुमी रागावला."

"रागावतीया कशाला? मी बी लेकीकडं गेलते, काल आले. आन् ऐक. तू त्या दिवशी सांगितलं नसतंस तर मला काय कळलं असतं? काहीच न्हाई. मी ह्या समद्यांस्नी सांगितलं, जी बाई न दिसणारं किडं सांगती, तिच्याकडंच दळाय टाकायचं. त्या उदयसिंहालाबी मागंच म्हटलंय, ही जागा मागू नगंस."

कोपऱ्यावरचं बोलणं ते होतं! मी तिच्याविषयी काय काय रचलं होतं. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात, ते मला लागू पडलं.

"आई, तुला आता आराम नको का?" प्रांजल म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिचं चुकत नव्हतंच.

"आराम करून करून दमले गं मी," मार्थाबाई म्हणाली.

प्रांजलनं डोळे पुसले. मग तिनं स्वतः किल्ली लावून मला उघडलं. पिशव्या घरात परत गेल्या आणि लेकीनंही नाताळ इथंच केला.

दुसऱ्या दिवशी चर्चला निघताना मार्थाबाईनं मला लावलं आणि नेहमीसारखी न ओढता चालू लागली. प्रांजल मात्र कोपऱ्यावरून परत आली. बापाची लेक ती. तिनं मला ओढायला हात घातला.

"नको ओढूस," मार्थाबाई लांबून म्हणाली. "लागलंय त्ये. त्याचं काम त्ये नीट करतंय."

म्हणजे शांतवन गेला त्या दिवसापासून ही बाई मला ओढत नव्हती, ते गिरणीचं काही पडलं नव्हतं म्हणून नव्हे! मी सगळ्या गल्लीवर संशय घेत होतो, तिच्यावरही घेत होतो, आणि ती रोज संध्याकाळी माझ्यावर विश्वास ठेवून घरात जात होती. आत कोणी बघत नसताना ती दगड का घासते, तेही मला त्या दिवशी थोडं समजलं.

संशय सुटला म्हणाल, तर नाही. कुलपाचा स्वभाव आहे, तो माझ्याबरोबरच गंजेल. तुमच्यावरही मी नजर ठेवून आहे. पण आता तिनं लावलेलं असलं की मी जरा घट्ट बसतो, कुणी बघत नसलं तरी. पीठ हवं असेल तर उद्या सकाळी डबा घेऊन या, ती नाव विचारेल, सांगा. आता निघा, दिवस मावळला. आणि एवढी विनंती ऐका: जाताना मला परत ओढून बघू नका. लागलोय मी.