बयोचं टोपडं

...चोचीच्या कोपऱ्याला लागून, डाव्या डोळ्याच्या खाली, तांदळाच्या दाण्याएवढी फट. कातड्याची ती छोटी टोपी ऋताने उलटी करून गॅरेजच्या दिव्याकडे धरली, आणि आतल्या काळोखात उजेडाचं एक बारीक टोक चमकलं – म्हणजे हे होतं तर! एवढ्यासाठी दोन दिवस बयो गाडीत थयथयाट करत होती, मान झटकत होती, पायाने टोपी ओरबाडत होती, आणि आपण मात्र तिलाच हट्टी म्हणत होतो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

बयो पलीकडे खांबावर बसून तिच्याकडे रोखून बघत होती. लाल शेपटीची, जेमतेम अडीच पौंडांची शिकारी बाज. परवाना काढून, डेक्स्टर गावातल्या एका म्हाताऱ्या, बाज पाळणाऱ्या सुताराच्या हाताखाली शिकून, गेल्या वर्षी ऋताने तिला रानातून धरलं होतं. 'बयो' हे नाव आईने ठेवलेलं. ती मिरजेहून तीन महिन्यांसाठी ॲन आर्बरला आली, आल्या आल्या पक्ष्याकडे बघून म्हणाली, "घार आहे ही, मला नको शिकवूस," आणि टोपी पाहून तर हसतच सुटली – "अगंबाई, हिला टोपडं! बारशाला बसवलीये जशी!"

टोपी ही शिक्षा नव्हे, हे त्या सुताराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जे दिसत नाही त्याची पक्ष्याला भीती नाही. टोपी चढली की त्याच्यापुरती संध्याकाळ होते, एक पाय पोटाशी घेऊन तो स्वस्थ बसतो. मग शेजारून ट्रक जाऊ दे नाहीतर कुत्रं. पण टोपी नीट बसली नाही, कुठून उजेड शिरला, तर अर्धवट दिसतं... आणि अर्धवट दिसायला लागलं की पक्षी बिथरतो. त्यापेक्षा न घातलेली बरी.

तिने पातळ कातड्याची चिंधी कापली, कडेला गोंद लावला. बोटं स्थिर होती. अकरा दिवस सगळंच कसं स्थिर होतं – तिचं तिलाच नवल वाटायचं.

अकरा दिवसांपूर्वी मिरजेला राजाराममामा गेला. आईचा धाकटा भाऊ. झोपेतच. फोन आला तेव्हा ऋता मागच्या डेकवर होती, आणि तिथेच, उभ्या उभ्या, तिने आणि तिच्या नवऱ्याने, मिहीरने, ठरवलं की आईला इथे सांगायचं नाही. गेल्या वर्षीच स्टेंट घातलाय, परका देश, इन्शुरन्सचा घोळ. एकवीस तारखेला परत जाईल, तिथे सगळी आपली माणसं आहेत, तेव्हा कळेल. पण मामा रोज सकाळी साडेआठला आईला फोन करायचा, त्याचं काय? मिहीरच्या सुपीक डोक्यातून निघालं – मामांच्या घशाचं ऑपरेशन झालंय, महिनाभर बोलायची बंदी आहे.

"बरं झालं," आई म्हणाली होती. "जन्मात पहिल्यांदा गप्प बसेल."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी खोलीचं दार लोटून मामाच्या नंबरवर आवाजी निरोप पाठवते. आणि तिकडे मामाचा मुलगा एकनाथ ते ऐकतो, म्हणजे टिक निळी होते, म्हणजे आईला शंका येत नाही. आज सकाळीच त्याचा फोन आला होता. "ताई, आत्याला सांगून टाक गं एकदाचं. मला हे दोन्हीकडून नाही झेपत." बिचारा! एकीकडे बापाचं दुःख, दुसरीकडे आमचं नाटक.

"आज फायनल ना?" कॉफीचा मग घेऊन दारात आलेल्या मिहीरने विचारलं. "नाहीतर मी सांगू का?"

"नको. मीच सांगते. बयोला शिकारीला नेऊन आणल्यावर."

बयोला मुठीवर घेऊन तिने टोपी हनुवटीखालून अलगद वर सरकवली, मागची वादी दातात धरून ओढली. बयोने एकदा मान हलवली. मग पिसं फुगवली, आणि एक पाय वर घेतला. जमलं! ऋताला इतकं बरं वाटलं की तिने त्या टोपड्यावर ओठच टेकवले.

गाडीत आई मागे बसली होती, मिहीरच्या जाडजूड जॅकेटमध्ये, शेजारी खोक्यात बयो.

"हिला आतून ऐकू येतं ना गं?" आईने विचारलं.

"येतं ना. टोपी फक्त डोळ्यांवर असते."

"हं," आई म्हणाली, आणि खिडकीबाहेर कापून नेलेल्या मक्याची शेतं बघत राहिली.

गाडी चालवता चालवता ऋताला आठवलं – मी सहा वर्षांची असताना मला गोवर आला होता. खिडक्यांना चादरी लावून खोली काळोखी केली होती, आणि राजाराममामा डेपोतली ड्यूटी संपवून माझ्या उशाशी येऊन बसायचा. चादरीच्या कडेतून बाहेर बघत मला सांगायचा – आता पोस्टमन आला, आता देसायांची म्हैस सुटली, आता अख्खी गल्ली म्हशीमागे... देसायांकडे म्हैसच नव्हती, हे मला बरी झाल्यावर कळलं. पण त्या काळोखात मला एकदाही भीती वाटली नाही. बयो आणली तेव्हा सगळ्यात खूश तोच झाला होता. आमची ऋता अमेरिकेत बाज पाळते, म्हणून अख्ख्या मिरजेला सांगत सुटला होता. तो मामा गेला, हे वाक्य ऋताने अकरा दिवसांत कितीदा तरी मनात म्हणून पाहिलं होतं – आईला कसं सांगायचं याची तालीम म्हणून. स्वतःला म्हणून एकदाही नाही.

शेतात टोपी काढल्यावर बयो सरळ ओकच्या शेंड्यावर जाऊन बसली. ससा दिसला नाही. ऋताने घसा साफ केला.

"आई, राजाराममामाचं..."

"त्याचं राहू दे आत्ता. तुझी घार बघ आधी, निघाली ती मिशिगन सोडून."

आणि ऋताने ते राहू दिलं. मनातून सुटल्यासारखं वाटलं, याची लाजही वाटली.

घरी आल्यावर टोपी तशीच ठेवून बयोला तिने खांबावर बसवलं, हात धुतले, आणि आईच्या खोलीपाशी गेली. आता सांगायचंच. दार लोटलेलं होतं. आत आई फोनशी बोलत होती – रोजचा निरोप. संपू दे, मग जाऊ...

"...तेराव्याला नीट बोलाव सगळ्यांना. परवाच आहे. खर्चाकडे बघू नकोस. आणि तू जेवतोस ना रे एकनाथा? तुझा बाप असता तर त्याने तुला उपाशी राहू दिलं नसतं." आईचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. "ताईला अजून काही बोलू नकोस हं. ती मला सांभाळतेय. सांभाळू दे. रडू आलं की गॅरेजमध्ये पळते, आणि तिथेही रडत नाही बघ, त्या घारीचं वजन करत बसते. तिचा फार जीव होता रे त्याच्यावर."

ऋता भिंतीला हात लावून उभी राहिली. म्हणजे पहिल्या दिवसापासून... मामा गेल्याचा फोन आला त्या शनिवारी आईने भलत्याच वेळी डोक्यावरून आंघोळ केली होती. 'अंग चिकट झालंय,' म्हणाली होती. आणि मग तीन दिवस देवांना हात लावला नव्हता, 'कंबर धरलीये, तूच लाव दिवा.' मी लावलाही होता! सुतक पाळलं बाईने, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मला पत्ता नाही. भाऊ गेला तिचा. आणि ती अकरा दिवस मला जपत होती, आणि मी समजत होते की... आणि तो एकनाथ, वेडा, दोघींच्या मधे!

आत जावं, आईच्या गळ्यात पडावं असं वाटलं. पण पाय गॅरेजकडे वळले.

बयो अजून खांबावर होती, एक पाय पोटाशी घेऊन, शांत. ऋता तिच्याशेजारी उलट्या बादलीवर बसली. "मामा गेला," ती म्हणाली, मोठ्याने, मराठीत, कुणालाच नाही – आणि ते खरं झालं. ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून, नाक वाहू देत. बयोने आवाजाच्या दिशेने मान वळवली, आणि पुन्हा सरळ केली.

दाराच्या पलीकडे स्लिपरांचा आवाज आला. जवळ आला, थांबला. दाराची मूठ फिरली नाही.

ऋताला ते कळलं. आई तिथे उभी आहे हे कळलं, आणि तरी, अकरा दिवसांत पहिल्यांदा, तिने आवाज दाबला नाही.