या, साहेब

किल्ली खिशात असूनही त्याने आईच्या दारावर टकटक केली. मागे उभ्या असलेल्या जोडप्याकडे वळून तो जरा हसला.

"या, साहेब," आईने दार उघडत म्हटलं. आवाजाला कुठे सुरकुती नव्हती.

हे काल फोनवर ठरलं होतं. घरमालकाने सगळी इमारत विकायला काढली होती आणि खोल्या दाखवण्याचं काम ज्या कंपनीकडे होतं, तिथेच तो नोकरीला होता. ग्राहकांसमोर आपलं नातं उघड व्हायला नको, एवढंच त्याने सांगितलं. "मग तुला काय म्हणू?" असं विचारून तिने स्वतःच उत्तर दिलं होतं, "साहेबच म्हणते. जन्मात एकदा तरी तुला कोणी म्हणू दे."

खोली एकच, पण दोन्ही बाजूंना खिडक्या. तो पाठ केल्यासारखा बोलत गेला. उजेड, वारा, उंच छत. वर्षभरात ही लॅव्हेंडर लेन ओळखू येणार नाही.

"आत्ताच येत नाही," आई म्हणाली आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली. कोणाच्या तरी शर्टाची विरलेली कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा बसवायचं काम अर्धवट राहिलं होतं.

"आधी काय नाव होतं हो?" नवऱ्याने विचारलं.

"साबणगल्ली. कोपऱ्यावर कारखाना होता ना. सुवास तेव्हाही यायचा. फुकट."

बायको मनापासून हसली. तिला खोली आवडली होती. खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवत ती पलंग कुठे येईल ते नवऱ्याला डोळ्यांनीच दाखवत होती. मग तिचं लक्ष आईकडे गेलं आणि हात चौकटीवरून खाली आला.

"मावशी, मग तुम्ही कुठे जाणार?"

तो वाकून मोरीतला नळ तपासू लागला. नळाला काहीही झालं नव्हतं. हाच प्रश्न आईने त्यालाही विचारला होता, घर सोडायची नोटीस आली त्या दिवशी. "बघू," तो म्हणाला होता. त्यानंतर तिने विचारलं नाही आणि त्याने बघितलं नाही.

"मुलाकडे," आई म्हणाली.

"बरं झालं बाई. जवळच राहतो का?"

"लांब राहतो. अजून ये म्हणालेला नाही." तिने दोरा दातांनी तोडला. "लाजाळू आहे जरा."

त्याने नळ बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला. जोडपं एकमेकांकडे पाहत होतं.

"बसच्या शेवटच्या स्टॉपच्या पुढे राहतो त्यांचा मुलगा," तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. "दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मशीन मावेल. नात आहे, तिलाही..." त्याने नळ आणखी घट्ट पिळला. "येतील त्या. तिथेच राहतील."

"तुम्ही ओळखता त्याला?" बायकोने विचारलं.

"थोडंफार."

आईने कॉलर सुईखाली सरकवली, काठाला काठ जुळवला. चाकाकडे गेलेला हात मात्र तसाच थांबला.

"बरं बोललात, साहेब," ती म्हणाली. "पण त्याला म्हणावं, आधी बायकोला विचार."